दागिना कोठें तुटतो?

सोनें गंजत नाहीं, ही गोष्ट शाळेंतल्या मुलालाहि ठाऊक असते. लोखंडावर तांब चढते, तांबें कळकतें, चांदी काळवंडते. सोनें मात्र शेंकडों वर्षें जमिनींत पुरलेलें असलें तरी वर काढून पुसतांच पिवळेंधमक दिसतें. त्यामुळें दागिना एकदां घडवून घेतला म्हणजे चोरापासून जपण्यापलीकडे त्याची निराळी काळजी घेण्याचें कारण नाहीं, अशी बहुतेक कुटुंबांतून समजूत असते. ही समजूत सोन्याच्या बाबतींत खरी आहे. दागिन्याच्या बाबतींत खरी नाहीं. सोनें आणि दागिना या दोन निराळ्या वस्तु आहेत, हें ध्यानांत न आल्यामुळें पुष्कळ जुने व सुरेख अलंकार दर पिढींत मोडींत जातात.

कोणत्याहि जुन्या घरांतील दागिन्यांचा डबा उघडून त्याच्या तळाशीं काय काय पडलें आहे हें पाहण्यासारखें असतें. तेथें दोरा कुजून मणी सुटलेली ठुशी असते. फिरकी हरवल्यामुळें वापरांतून गेलेली एखादी कुडी असते. एका बाजूनें चेपलेली पाटली असते. ती हालविली तर आंत कांहीं तरी खुळखुळतें. दोन मोती गळालेली नथ कागदाच्या पुडींत असते, आणि ते दोन मोती कोठें ठेवले हें कोणास आठवत नाहीं. यांपैकीं एकाहि वस्तूंतलें सोनें बिघडलेलें नाहीं. बिघडला आहे तो दोरा, बिघडली आहे ती फिरकी, आंतली लाख, मोत्याला धरणारी तार. दागिना बहुधा सोन्यांत तुटत नाहीं. सोन्याला सोन्याशीं जोडणारें जें दुसरें कांहीं असतें तेथें तो तुटतो. घरांतल्या निगेचा सगळा विचार या एका गोष्टीभोंवतीं करावा लागतो.

तुटलेला दागिना दुरुस्त करावयाचा राहिला कीं तो वापरांतून जातो, वापरांतून गेला कीं नजरेआड होतो, आणि घरांत लग्नकार्य निघालें म्हणजे “नाहीं तरी तें तुटलेलेंच आहे” असें म्हणून प्रथम तोच सोनाराकडे मोडीस जातो. मोडींत वजनाचे पैसे मिळतात. घडणावळ मिळत नाहीं. पन्नास-साठ वर्षांपूर्वींच्या कारागिरानें हातानें साधलेला घाट तर पुनः कोणत्याहि पैशानें मिळत नाहीं. सासूची मोहनमाळ सुनेच्या गळ्यांत पडावयाची, ती एका दोऱ्यापायीं लगडींत जाते.

तेव्हां प्रथम दोऱ्याचाच विचार केला पाहिजे. मंगळसूत्र, ठुशी, मोहनमाळ, तन्मणी, चिंचपेटी हे सारे ओवलेले किंवा दोऱ्यानें बांधलेले दागिने. दोरा रेशमाचा असो, सुताचा असो वा नायलॉनचा असो, त्यावर घामाचा, तेलाचा व अंगाला लावलेल्या पावडरीचा थर बसतो. सूत व रेशीम ओलसरपणानें कुजतें. शिवाय मण्याच्या भोंकाची कड धारदार असते, ती दोऱ्यावर रोज थोडी थोडी करवतीसारखी चालते. ठुशीचा दोरा मण्यांच्या दाटीमुळें दिसत नाहीं. तो आंतून अर्धा तुटला तरी वरून दागिना जसाच्या तसा भासतो, आणि एके दिवशीं भर कार्यांत मणी जाजमावर उधळतात. तपासण्याची रीत सोपी आहे. दागिना दोन्ही हातांनीं हलकेच ताणून उजेडाकडे धरावा. मण्यांमध्यें पूर्वीं नसलेली फट दिसूं लागली, दोरा काळा किंवा केसाळ झाला, अथवा गोंड्याजवळची गांठ ढिली लागली, कीं तो गाठवून घेण्याची वेळ झाली असें समजावें. रोज गळ्यांत असणारें मंगळसूत्र वर्षांतून एकदां तरी गाठवावें. सणासुदीच्या माळांना तीन-चार वर्षांनीं गाठविलें तरी चालतें.

हें काम पटवेकऱ्याचें. पूर्वीं पटवेकरी दारावर येत व ओसरीवर बसून, घरच्या बाईच्या डोळ्यांदेखत, मणी मोजून माळ गाठवून देत. आतां ते बहुधा सराफकट्ट्यावरील एखाद्या बोळांत, नाहीं तर सराफाच्या दुकानाच्या पायरीशीं भेटतात. दागिना त्यांच्याजवळ सोडून न येतां समोर बसून काम करून घ्यावें, हा जुना शिरस्ता मोडण्याचें कारण नाहीं. यांत अविश्वासापेक्षां व्यवस्थेचा भाग अधिक आहे, कारण मण्यांची गणती त्याच वेळीं दोघांसमक्ष होते आणि पुढें बोलाचाली होत नाहीं.

हल्लीं काळे मणी सोन्याच्या तारेंत गुंफण्याची चाल अधिक आहे. तार कुजत नाहीं हें खरें, पण तार थकते. तार एकाच जागीं पुनः पुनः वांकविली तर ती तेथें कडक होते व अखेर तुटते, हा प्रयोग प्रत्येक मुलानें केव्हां तरी केलेला असतो. मंगळसूत्र घालून झोपल्यानें, तान्ह्या मुलानें तें मुठींत धरून ओढल्यानें, केसांत अडकल्यानें तारेचीं तींच तीं वळणें वांकतात. काळा मणी कांचेचा असतो. तो फुटला तर त्याची कड तारेस कापूं लागते, म्हणून फुटका मणी दिसतांच काढवून घ्यावा. मंगळसूत्राच्या वाट्या पातळ पत्र्याच्या असतात. त्यांच्या पोकळींत हळदकुंकू, साबण आणि तेल यांचा लगदा सांचतो. तो टांचणीनें खरवडूं नये, कोमट पाण्यांत भिजूं देऊन मऊ कुंचल्यानें काढावा.

दोऱ्याखालोखाल लाख. पाटली, गोठ, वाकी, कोल्हापुरी साजाचीं पानें, मोठाले मणी हे वरून भरीव दिसले तरी पुष्कळदां पोकळ असतात, आणि पत्र्याला आधार म्हणून त्यांत लाख भरलेली असते. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुंब अशा झाडांवर राहणाऱ्या एका बारीक किड्यानें स्रवलेला राळेसारखा पदार्थ. ती थंडींत ठिसूळ असते आणि पाणी उकळण्याच्या पुष्कळच आधीं पाघळूं लागते. म्हणून लाखेचा दागिना उकळत्या पाण्यांत कधींहि बुडवूं नये, आणि शेगडीच्या धगीशीं किंवा केंस वाळविण्याच्या यंत्राच्या गरम वाऱ्यावर वाळवूं नये. लाख एकीकडे जमली म्हणजे दुसरीकडे पत्रा निराधार होतो, व कपाटाच्या दाराचा साधा धक्का लागला तरी चेपतो. आंत खुळखुळ ऐकूं येऊं लागली तर ती पाटली हातांत घालणें बंद करून लाख पुनः भरून घ्यावी. विकत घेतांनाहि लाखेचें वजन किती व सोन्याचें किती, हें पावतीवर निराळें लिहून घ्यावें. मोडण्याच्या वेळीं वाद होतो तो यावरूनच.

कानांतल्या दागिन्यांचें मर्म फिरकींत असतें. फिरकीचे आटे रोजच्या वापरानें झिजतात आणि मग ती दोन वेढ्यांतच बसूं लागते. अशी फिरकी बदलून घेण्यास लागणारा खर्च कुडीच्या किंमतीच्या मानानें कांहींच नव्हे. कुडी काढतांना खालीं फडकें अंथरावें आणि मोरीपाशीं उभें राहून ती कधींहि काढूं नये, एवढें सांगितलें म्हणजे पुरे. पुतळ्यांच्या माळेंत प्रत्येक पुतळीस कडी असते; त्या कड्या वरच्या बाजूस आंतून झिजून कागदासारख्या पातळ होतात. माळ अंगावर असतांना हें दिसत नाहीं. ती तळहातावर उलटी घेऊन पाहिली तरच दिसतें.

सोन्याचे सांधे झाळण्यासाठीं सोनार जो धातु वापरतो, तो दागिन्याच्या सोन्यापेक्षां लवकर वितळणारा असावा लागतो, आणि त्यासाठीं त्यांत इतर धातु मिसळलेले असतात. हीच दागिन्याची नाजूक जागा. कपडे शुभ्र करण्याचें ब्लीच, पोहण्याच्या तलावाचें क्लोरीन घातलेलें पाणी, संडास धुण्याचीं तीव्र द्रव्यें यांचा प्रथम परिणाम या सांध्यांवर होतो. सांखळी मध्येंच तुटते, आणि दोष कारागिरास दिला जातो. अशा कामाच्या आधीं अंगठी व बांगड्या काढून ठेवाव्या.

आतां सोन्याच्या झिजेसंबंधीं. सोनें गंजत नाहीं, पण झिजतें. आणि झिजतें तें मऊ असल्यामुळें. खनिजांचा कठीणपणा मोजण्यासाठीं फ्रीड्रिख मोस या जर्मन शास्त्रज्ञानें १८१२ सालीं एक पट्टी ठरविली. तींत सर्वांत मऊ शंखजिऱ्याला १ व सर्वांत कठीण हिऱ्याला १० हा अंक आहे. या पट्टींत सोन्याचें स्थान अडीच ते तीनच्या दरम्यान, म्हणजे मनुष्याच्या नखाच्या जवळपास, येतें. साधी कांच साडेपांचाच्या आसपास आणि वाळूंतील गारेचा कण ७ वर असतो. यावरून एक गोष्ट उघड होते, ती मात्र फारशी कोणाच्या मनांत येत नाहीं. आपल्याकडे सोन्याच्या पाटल्या, तोडे आणि कांचेच्या बांगड्या एकाच हातांत एकमेकींस लागून घालण्याची रीत आहे. त्यांचा किणकिणाट कानाला गोड लागतो. पण त्या प्रत्येक आवाजाबरोबर कठीण कांच मऊ सोन्याला घांसत असते. जुन्या पाटल्यांच्या कडांवरील नक्षी पुसट झालेली दिसते ती बव्हंशीं या शेजारामुळें. सणाच्या दिवशीं ही शोभा अवश्य करावी. परंतु रोज वापरावयाच्या सोन्याच्या बांगड्या नक्षीच्या असूं नयेत, आणि नक्षीच्या असतील त्या रोज कांचेला लावून घालूं नयेत. भांडीं घांसतांना तर हातांत सोनें असूंच नये. राख, माती किंवा हल्लींची भांडी घांसण्याची पूड, सर्वांत कठीण कण असतात.

गुंजभर झीज डोळ्यांस दिसत नाहीं. जुन्या हिशेबाचा तोळा ११.६६ ग्रॅमचा व त्याच्या ९६ गुंजा. म्हणजे एक गुंज सुमारें ०.१२ ग्रॅम झाली. चार बांगड्यांवरून दर वर्षीं एवढें सोनें गेलें तरी घरांत कोणास कळणार नाहीं. परंतु ज्यांचें पोटच त्यावर चालत असे त्यांना हें पक्कें ठाऊक होतें. सोनारांच्या दुकानांतील केर व राख विकत घेऊन, ती धुऊन त्यांतील सोन्याचे कण वेगळे काढणारा झारेकऱ्यांचा एक निराळा वर्गच महाराष्ट्रांत आहे. सोनाराच्या केराला किंमत येते, यावरूनच कानस, कुंचला व उजळा देण्याचें चाक यांखालीं दागिन्याचें किती सोनें जातें याची कल्पना यावी. म्हणून दर दिवाळीस दागिने उजळून आणण्याची हौस बरी नव्हे. मळल्यामुळें निस्तेज झालेला दागिना धुऊन उजळतो. चाकावर धरण्याची गरज क्वचितच पडते.

दारावर येऊन दागिने उजळून देणाऱ्यांविषयीं येथेंच सांगितलें पाहिजे, कारण त्यांच्या हातून नुकसान झाल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत अजूनहि येतात. एक भाग नत्राम्ल आणि तीन भाग हायड्रोक्लोरिक आम्ल यांच्या मिश्रणास आम्लराज म्हणतात. या दोहोंपैकीं एकटें कोणतेंहि आम्ल सोन्यास विरघळवूं शकत नाहीं. दोन्ही मिळून विरघळवितात. दागिना या द्रवांत बुडविला म्हणजे त्याचा वरचा थर निघून जातो, खालचें ताजें सोनें चमकूं लागतें व बाईस समाधान वाटतें. गेलेलें सोनें त्या द्रवांत असतें, आणि द्रव त्या मनुष्याबरोबर जातो. पुढें दुसरीं द्रव्यें घालून तो तें सोनें परत काढतो. पुष्कळदां तो दागिने हळदीच्या पाण्यांत ठेवून डबा कांहीं वेळानें उघडावयास सांगतो. तो वेळ दागिना रंगावा म्हणून नसतो, रस्ता ओलांडण्यासाठीं असतो. दुपारच्या वेळीं घरीं एकट्या असलेल्या वृद्ध स्त्रियांकडेच हे लोक बहुधा येतात, हें घरांतल्या कर्त्या माणसांनीं लक्षांत ठेवावें. आधीं त्या एकटेपणाची सोय पाहावी व मग आजीबाईंना शहाणपण शिकवावें.

सोन्याचे साधे, खडे-मोती नसलेले दागिने घरीं धुण्यास फार थोडें साहित्य लागतें. रिठ्याचीं टरफलें रात्रीं पाण्यांत भिजत घालावीं, सकाळीं तें पाणी गाळून कोमट करावें, त्यांत दागिना दहा-पंधरा मिनिटें ठेवावा आणि लहान मुलांच्या दांतांसाठीं मिळणाऱ्या मऊ ब्रशानें फटी स्वच्छ कराव्या. रिठा नसेल तर सौम्य साबणाचे दोन थेंब चालतात. दंतमंजन, टूथपेस्ट, रांगोळी, राख हीं सोन्यास लावूं नयेत; दांत किंवा पितळ स्वच्छ करणारी पूड सोन्यावर ओरखडे पाडते. धुण्याचें काम नळाखालीं न करतां पसरट भांड्यांत करावें, आणि तें पाणी मोरींत टाकण्यापूर्वीं गाळून पाहावें. मग दागिना मऊ सुती कापडानें टिपून सावलींत पूर्ण कोरडा होऊं द्यावा. कित्येकजणी ओलसर दागिनाच सराफाच्या गुलाबी कागदांत गुंडाळतात. त्या कागदाचा रंग ओलाव्यानें सुटतो.

मोत्यांचा प्रकार अगदींच निराळा. हिरा, माणिक हीं दगडांचीं लेंकरें. मोती हा जिवंत प्राण्याच्या अंगांत तयार झालेला पदार्थ आहे. शिंपल्यांतील प्राणी चुन्याचे अतिशय पातळ थर एकावर एक चढवितो व त्यांना एका सेंद्रिय द्रव्यानें चिकटवितो. या थरांमधून प्रकाश परावर्तित होतो तेंच मोत्याचें पाणी. चुना म्हटला म्हणजे आंबट पदार्थ त्याचा वैरी हें ओघानेंच आलें. क्लिओपात्रा राणीनें मोती शिरक्यांत विरघळवून प्याल्याची कथा प्लिनी या रोमन ग्रंथकारानें दिली आहे. भरल्या मेजवानींत इतक्या चटकन् मोती विरघळेल कीं नाहीं याचा वाद बाजूस ठेवला तरी शिरका मोत्याला खातो यांत शंका नाहीं. लिंबू, चिंच, आमसूल, ताक, एवढेंच नव्हे तर अंगाचा घामहि थोडाबहुत आम्ल असतो आणि वर्षानुवर्षें तोच मोत्यावर बसून त्याचें पाणी उतरवितो. म्हणून चिंचेनें भांडीं लख्ख होतात तर नथहि होईल, हा तर्क घातक आहे.

जुन्या नथींतले मोती पुष्कळदां बसराई असतात. इराणच्या आखातांत बुडी मारून काढलेल्या मोत्यांस बसरा बंदरावरून हें नांव पडलें. जपानांत कोकिची मिकिमोटो यांस १८९३ सालीं शिंपल्यांत अर्धगोल मोती पिकविण्यांत यश आलें. पुढें पूर्ण गोल मोतीहि पिकूं लागले, त्याच सुमारास आखातांत तेलाचा धंदा उदयास आला, आणि बुडी मारून मोती काढण्याचा जुना व्यवसाय मागें पडला. तेव्हां आजीच्या नथींतला एक बसराई मोती हरवला तर त्याच्या जोडीचा, त्याच रंगाचा व त्याच पाण्याचा दुसरा मिळविणें आज फार दुर्घट आहे. अशा नथीस पाण्यांत बुडवूंच नये. मोती बारीक तारेनें किंवा दोऱ्यानें बांधलेले असतात. भोंकांत पाणी शिरलें म्हणजे लवकर वाळत नाहीं व मळ आंत जातो. वापरून झाल्यावर स्वच्छ मऊ कापड पाण्यानें किंचित् ओलें करून एकेक मोती पुसावा, मग कोरड्या कापडानें टिपावा, आणि थोडा वेळ उघडी ठेवून मगच नथ डबींत घालावी. श्रृंगार करतांना अत्तर, पावडर, केंसांवरील फवारा हें सर्व आटोपल्यावर शेवटीं नथ घालावी व उतरवितांना ती सर्वांआधीं उतरवावी. नथ नाकांतून काढतांना तिच्या मोत्यांच्या घोंसास धरून ओढण्याची संवय पुष्कळांस असते. तिनें बांधणी ढिली होते. तारेसच धरावें. मोत्यांप्रमाणेंच पोंवळींहि चुन्याचींच. त्यांना हेच नियम लागूं.

खड्यांपैकीं हिरा, माणिक व नीलम हे कठीण असल्यामुळें साबणाच्या कोमट पाण्यास भीत नाहींत. हिऱ्यास तेलकटपणा फार लवकर चिकटतो, म्हणून हिऱ्याच्या कुड्या निस्तेज वाटल्या तर मागची बाजू धुवावी. मळ तेथें असतो. पाचूचें मात्र तसें नाहीं. त्याच्या पोटांत नैसर्गिक भेगा असतात आणि त्या झांकण्यासाठीं बाजारांत येण्यापूर्वीं त्यांत तेल मुरविलेलें असतें. गरम पाणी, तीव्र साबण किंवा दागिने साफ करण्याचीं हल्लींचीं ध्वनिलहरींचीं यंत्रें यांनीं तें तेल निघून जातें व भेगा उघड्या पडतात. कुंदनाच्या, पाठीमागून बंद असलेल्या कोंदणांत खड्याखालीं चकचकीत वर्ख घातलेला असतो. तेथें पाणी शिरलें कीं वर्ख काळा पडतो आणि खडा आंधळा दिसूं लागतो. यावर घरीं इलाज नाहीं. असा दागिना फक्त कोरड्या कापडानें पुसावा.

चांदीचें काळें पडणें हें हवेंतील गंधकयुक्त वायूमुळें होतें. चांदीचा व गंधकाचा संयोग होऊन काळा थर बसतो. रबर व लोंकर यांत गंधक असतें, म्हणून पैंजणांच्या जोडीस रबराचा वेढा घालूं नये व चांदी लोंकरीच्या कापडांत ठेवूं नये. रांगोळीनें घांसून चांदी पांढरी होते, पण प्रत्येक वेळीं थोडी चांदी जाते. त्यापेक्षां एक सोपा रासायनिक उपाय आहे. अन्न गुंडाळण्याचा अॅल्युमिनियमचा चकचकीत कागद भांड्याच्या तळाशीं अंथरावा, त्यावर चांदीची वस्तु त्यास स्पर्श करील अशी ठेवावी, वरून गरम पाणी ओतावें व लिटरभर पाण्यास मोठा चमचाभर खाण्याचा सोडा टाकावा. काळ्या थरांतील गंधक अॅल्युमिनियमकडे जातें आणि चांदी जागच्या जागीं मोकळी होते. नासलेल्या अंड्यासारखा किंचित् वास आला तर घाबरूं नये, खिडकी उघडावी. हा उपाय खडे बसविलेल्या, लाख भरलेल्या, किंवा नक्षी उठून दिसावी म्हणून मुद्दाम काळ्या ठेवलेल्या दागिन्यांस करूं नये.

सोन्याचा खरा शत्रु पारा होय, आणि तो अनपेक्षित वाटेनें येतो. जुना ताप पाहण्याचा कांचेचा थर्मामीटर फुटतो, घाईनें केर भरतांना अंगठीस पाऱ्याचा कण लागतो, आणि अंगठी पांढरी पडते. पारा सोन्यांत मुरतो व सोनें ठिसूळ होतें. रंग उजळविण्याच्या कांहीं बाजारी मलमांतहि पारा सांपडलेला आहे. तीं त्वचेस अपायकारक आहेतच, बोटांतल्या सोन्यासहि तितकींच. पांढरा पडलेला दागिना घरीं तापवूं नये, कारण पाऱ्याची वाफ विषारी असते. तो कागदांत गुंडाळून सोनाराकडे न्यावा व काय झालें तें त्याला सांगावें.

ठेवण्याविषयीं फार सांगण्यासारखें नाहीं. प्रत्येक दागिन्यास निराळी मऊ कापडाची पिशवी असावी. हिऱ्याची अंगठी आणि मोत्यांचा तन्मणी एका डबींत ठेवणें म्हणजे त्या दोघांत कठीण कोण हें पाहण्याचा प्रयोग करणें होय. सांखळ्या आंकडा लावून लांबट ठेवाव्या म्हणजे गुंता होत नाहीं. बँकेच्या लॉकरमध्यें ठेवलेले दागिने वर्षांतून दोनदां तरी बाहेर काढून हवेवर ठेवावे. भाद्रपदांत गौरींसाठीं ते निघतातच, तेव्हांच दोरे, फिरक्या व कड्या तपासण्याचें काम उरकतें. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा किंवा नोकरांची लबाडी यांमुळें लॉकरमधील वस्तु गेल्यास बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंतच असते. बहुतेक घरांतील डब्याची किंमत त्याहून कितीतरी अधिक भरेल, तेव्हां विम्याचा विचार निराळा करावा.

याशिवाय घरांत दागिन्यांची एक वही असावी. तींत प्रत्येक दागिन्याचें नांव, वजन, मोती व खडे यांची संख्या, कोणाकडून कोणास आला, केव्हां गाठविला हें लिहावें व छायाचित्र चिकटवावें. दुरुस्तीस देण्यापूर्वीं वजन करावें, परत घेतांना पुनः करावें. सोन्याच्या शुद्धतेची छाप भारतांत २००० सालापासून मिळूं लागली. १६ जून २०२१ पासून ती टप्प्याटप्प्यानें सक्तीची झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून विक्रीच्या दागिन्यांवर सहा अक्षर-अंकांची स्वतंत्र खूण आवश्यक झाली. ती खूण वहींत उतरून घ्यावी. जुन्या दागिन्यांवर छाप नसते, म्हणून ते हिणकस असें मात्र समजूं नये. तसेंच एखादी जुनी सांखळी इतर सोन्याच्या मानानें लवकर काळवंडत असेल तर तिचें वर्ष शोधून पाहावें. १९६३ सालच्या सुवर्णनियंत्रणानें कांहीं काळ १४ कॅरटाहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास मनाई केली होती. अशा सोन्यांत शेंकडा ५८ च्या आसपासच सोनें व बाकी तांबें, चांदी इत्यादि धातु असतात, ते काळवंडतात. यांत घडविणाऱ्याची लबाडी नव्हती.

वहीच्या शेवटच्या पानाला एक लहानसें पाकीट चिकटवून ठेवावें. गळालेला मोती, सुटलेला मणी, तुटलेली कडी जी सांपडेल ती त्याच दिवशीं त्यांत घालून वर दागिन्याचें नांव व तारीख लिहावी. नथ दुरुस्तीस निघेल त्या दिवशीं तिचे दोन मोती हाताशीं असतील.